साडेसहा पिक्सेलचं संत्रं : काटोलची बाग, ड्रोन आणि चौपट डिजिटल झूम

काकाजी सोफ्यावरून उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि बोट ठेवून म्हणाले, "हे संत्रं होय का लिंबू? मले तं काही दिसूनच नाही राह्यलं."

55 इंची 4के टीव्ही होता. त्यावर काकाजींचीच बाग होती, आंबिया बहाराची तोडणी होती, आणि बोट ठेवलेल्या जागी एक नारिंगी ठिपका होता. ठिपक्याला कडा नव्हती, देठ नव्हतं, शेजारची पानं तर हिरव्या लापशीसारखी दिसत होती. आमचा पायलट जमिनीकडे बघत होता. मी एडिटर, त्यामुळे मला जमिनीकडे बघण्याचीही सोय नव्हती.

ड्रोनने व्हिडिओ काढताना डिजिटल झूम वापरावा की नाही, यावर आमच्या धंद्यात दोनच मतं ऐकू येतात. एक गट म्हणतो, हात लावू नका. दुसरा म्हणतो, बटण दिलंय तर वापरायचं. या प्रकरणात आम्ही आधी दुसऱ्या गटात होतो. टीव्हीसमोरच्या त्या दहा मिनिटांत पहिल्या गटात गेलो. पुढच्या दोन आठवड्यांत दोन्हीकडून बाहेर पडलो. ते कसं झालं, ते सविस्तर लिहितो.

काम असं होतं

काकाजी म्हणजे काटोल तालुक्यातले एक बागायतदार. व्यापाऱ्याला उभी बाग देऊन मोकळं होण्यापेक्षा स्वतः प्रतवारी करून, क्रेट भरून थेट माल विकायचा त्यांचा प्रयत्न चालू होता. एका कृषी प्रदर्शनात स्टॉल घेतला होता, तिथे एलईडी भिंत लागणार होती. तिच्यासाठी पाच मिनिटांची फिल्म हवी होती. बाग वरून दिसावी, तोडणी दिसावी, फळ दिसावं, एवढंच मागणं.

आमच्याकडे 250 ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोन होता. 12 मेगापिक्सेलचा सेन्सर, म्हणजे आडवे 4000 आणि उभे 3000 पिक्सेल. लेन्स 24 मिमीच्या तोडीची, म्हणजे बरीच रुंद. 4के मध्ये (3840 पिक्सेल रुंद चित्र) दुप्पट आणि 1080 मध्ये (1920 पिक्सेल रुंद) चौपटपर्यंत डिजिटल झूम. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचं यंत्र 'नॅनो' धरलं जातं आणि त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. काटोलकडे विमानतळाचा अडसर नव्हता, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर जागा हिरवी होती आणि हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत उडता येतं. नागपुरात हे सुख नाही. सोनेगावच्या विमानतळामुळे शहराचा बराचसा भाग लाल नाहीतर पिवळ्या पट्ट्यात जातो, त्यामुळे धरमपेठेत गच्चीवर चढून "जरा टेस्ट करून बघू" म्हणायची सोय नसते. आमची पहिली टेस्टही थेट शूटिंगच्या दिवशीच झाली, आणि चुकीची मुळी तिथेच रुजली.

बाग 6 बाय 6 मीटरवर लावलेली, हेक्टरी 277 झाडं बसतात ती जुनी पद्धत. कागदावर दोन ओळींत सहा मीटर असले, तरी वाढलेल्या झाडांचे घेर दोन्ही बाजूंनी आत येतात आणि उरतो तो बैलगाडीपुरता बोळ. त्यात ड्रोन घालायला पायलटचं मन होईना. शिवाय विहिरीजवळच्या जुन्या आंब्यावर आग्यामोहोळ होतं. काकाजींनी गेटवरच बजावलं होतं, "त्या झाडाकडं तुमचा भोंगा नेऊ नका बाप्पा. पळाले जागा नाही पुरणार." आग्या माश्या खवळल्या तर तोडणीवरच्या पंधरा-वीस माणसांचं काय होईल, हे सांगायची गरज नव्हती.

म्हणून पायलटने शहाणपणा केला. ओळीपासून 30 मीटर लांब, झाडांच्या शेंड्यांहून थोडं वर थांबला, 1080 वर आला आणि चौपट झूम लावला. फोनच्या पडद्यावर फळं लखलखीत दिसली. "भाऊ, एकदम क्लिअर येऊन राह्यलं," तो म्हणाला. मीही फोनमध्ये डोकावलो आणि मान हलवली. ड्रोनकडून फोनवर येणारं थेट चित्र जेमतेम 720 चं असतं, आणि सहा इंची पडद्यावर 720 काय किंवा 4के काय, डोळ्याला सारखंच. फोकस, फ्रेम, उजेड यासाठी तो पडदा ठीक. बारकावा जोखायला तो साक्षीदार खोटा आहे.

पुढची चूक माझी. बाकी फिल्म 4के मध्ये होती, म्हणून मी टाइमलाइन, म्हणजे एडिटिंगमधली फिल्मची पट्टी, 4के ठेवली आणि हे 1080 चे चौपट झूम केलेले तुकडे त्यात ताणून बसवले.

मग हिशोब मांडला

काकाजींच्या घरून निघाल्यावर कळमेश्वरला पोहे खायला थांबलो. तर्री नेहमीसारखीच होती, तोंडाची चव गेली होती ती आमची. तिथेच पेपर नॅपकिनवर आकडेमोड केली. ती आधी केली असती तर हा लेख झाला नसता.

24 मिमीच्या तोडीच्या लेन्समधून, 4:3 सेन्सरच्या पूर्ण रुंदीत, अंतराच्या साधारण 1.44 पट रुंदी दिसते. 30 मीटरवरून म्हणजे सुमारे 43 मीटर, झाडांच्या सात ओळी. या 43 मीटरसाठी सेन्सरकडे 4000 पिक्सेल. मीटरला 93. आता संत्रं सात सेंटिमीटरचं धरा. त्याच्या वाट्याला येतात साडेसहा पिक्सेल.

हा साडेसहाचा आकडा चौपट झूमने बदलत नाही. लेन्स तीच, अंतर तेच, सेन्सरवर पडलेली फळाची प्रतिमा तेवढीच. झूम फक्त मधला तुकडा उचलतो. चौपट झूममध्ये 4000 पैकी मधले 1000 पिक्सेल घेतले गेले आणि ते फुगवून 1920 केले गेले. त्यामुळे फाइलमध्ये संत्रं साडेबारा पिक्सेलचं झालं. मग मी ते 4के टाइमलाइनवर दुप्पट ताणलं, झालं पंचवीस. टीव्हीवर काकाजींनी बोट ठेवलं ते संत्रं पंचवीस पिक्सेल रुंद होतं आणि त्यातले अस्सल साडेसहा. त्यातही सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरतो. नारिंगी फळ, हिरवं पान, आणि मध्ये साडेसहा पिक्सेल. कडा येणार कुठून?

प्रकाशाचाही तोटा झाला. शूटिंग सकाळी सातचं, डिसेंबरातलं ऊन अजून ओळींच्या आत शिरलेलं नव्हतं. पायलटने आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवला होता, आणि त्याने चित्रात दाणा येतो. अख्ख्या चित्रात तो दाणा बारीक दिसला असता. चौपट झूममध्ये सेन्सरचा सोळावा भाग वापरला जातो, त्यामुळे दाणाही चौपट मोठा होऊन समोर येतो. मग कॅमेऱ्यातली सफाई तो दाणा पुसायला जाते आणि सोबत पानांच्या शिराही पुसून टाकते. लापशी झाली ती अशी.

फ्लेक्सची परीक्षा

रागाच्या भरात "झूम बंद" असा नियम करणं सोपं होतं. पायलट तयारच होता. पण मला एक शंका होती. सेन्सर 4000 पिक्सेलचा आहे, 1080 च्या फ्रेमला 1920 लागतात. मग 1080 मध्ये दुप्पट झूम केला तर मधले 2000 पिक्सेल मिळतात, ते 1920 ला पुरून उरतात. तिथे नुकसान व्हायला नको.

सीताबर्डीत एक फ्लेक्स छापून घेतला. पांढऱ्यावर काळी अक्षरं, ओळींची उंची 16, 8, 4 आणि 2 सेंटिमीटर. डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतो तसा तक्ता. दुकानदाराने दोनदा विचारलं, वाढदिवसाचा फोटो कुठे टाकायचा. हा तक्ता बागेच्या कुंपणाला बांधला, ड्रोन 30 मीटरवर स्थिर ठेवला आणि पाच तुकडे काढले.

4के, झूम नाही : 16 सेंमीची ओळ स्वच्छ, 8 ची डोळे ताणून वाचता आली, 4 ची गेली.

4के, दुप्पट : अक्षरं मोठी. वाचता आलेली शेवटची ओळ तीच, 8 ची.

1080, झूम नाही : 8 ची ओळ गेली. फक्त 16 ची.

1080, दुप्पट : 8 ची ओळ परत आली.

1080, चौपट : अक्षरं धिप्पाड, कडा जाड. 4 ची ओळ मात्र मेलेलीच.

हा तक्ता मी टेबलासमोर चिकटवून ठेवलाय. 1080 मध्ये दुप्पट झूमने खरोखर एक ओळ कमावली, कारण झूम नसताना कॅमेरा जे पिक्सेल आटवून टाकत होता ते आता कामी आले. 4के मध्ये तसं काही शिल्लकच नव्हतं. 4000 आणि 3840 मध्ये फरक तो केवढा. एवढं लक्षात ठेवा की हे आमच्या यंत्राचं. 48 मेगापिक्सेलच्या सेन्सरवर हिशोब वेगळा येऊ शकतो, काही यंत्रं 1080 मध्ये सेन्सर पूर्ण वाचतच नाहीत. चारशे रुपयांचा फ्लेक्स आणि अर्धी बॅटरी, आपलं यंत्र आपण तपासावं.

दुसरी शंका एडिटर मंडळींच्या लाडक्या वाक्याबद्दल होती, की "कॅमेऱ्यात झूम कशाला, 4के काढा आणि एडिटिंगला कापा." तक्त्यावर दोन्ही सारखे उतरले होते, 8 च्या ओळीवरच. पण तक्ता हलत नाही. बाग हलते. म्हणून ड्रोन ओळीला समांतर सावकाश नेला, एकदा 4के बिनझूम आणि एकदा 4के दुप्पट. बिनझूमवाला एडिटिंगला मधोमध दुप्पट कापला आणि दोन्ही शेजारी लावले.

कापलेल्या तुकड्यात पानांचे चौकोन पडले होते. कॅमेऱ्यातल्या झूममध्ये पानं मऊ होती, पण सलग. कारण सरळ आहे. यंत्र सेकंदाला 100 मेगाबिट माहिती लिहितं. त्यात अख्खं चित्र बसवायचं, लाखो पानांसकट. मी मधला चौथा भाग कापला, तर माझ्या वाट्याला त्या 100 पैकी साधारण पंचवीसच आले. कॅमेऱ्यातल्या झूमने आधी कापलं आणि मग पूर्ण 100 त्या तुकड्यावर खर्च केले. बारकावा दोन्हीकडे तेवढाच, पण एकाची घडी नीट, दुसऱ्याची चुरगळलेली. म्हणजे ते लाडकं वाक्य अर्धंच खरं. आकाश, भिंत, शांत तलाव असेल तर बिनधास्त नंतर कापा, फ्रेम हवी तशी सरकवता येते, झूमची गतीही मख्खन ठेवता येते. झाडं, गवत, पाणी, गर्दी असेल आणि फ्रेम पक्की ठाऊक असेल, तर 4के मध्ये कॅमेऱ्यातला दुप्पट झूम बरा पडतो.

आणि चालू शॉटमध्ये झूम करणं, ते मात्र नको. बोटाने चाक फिरवलं की चित्र टप्प्याटप्प्याने उड्या मारतं. जुन्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरीच्या नथीवर जायचे तसं. मला ते बघितलं की वरणभाताचा वास येतो.

हलण्याबद्दल थोडं

पहिल्या शूटिंगची एक खोट आकडेमोडीत आली नव्हती. चौपट झूममध्ये चित्र डुलत होतं. कॅमेरा स्थिर धरणारा गिम्बल चांगला होता, वाराही फार नव्हता. पण पूर्ण फ्रेममध्ये 72 अंश मावतात, चौपट झूममध्ये उरतात साधारण 20. जो हेलकावा एरवी कुणाला कळणार नाही तो चौपट दिसतो. रिमोटची काठी तेवढीच दाबली तरी ड्रोन चौपट वेगाने वळल्यासारखा वाटतो, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या शटरवर फळांच्या रेघा होतात. पुढच्या वेळी पायलटने ड्रोन सावकाश हलवणारा सिने मोड लावला, वळण्याचा वेग अगदी खाली आणला, आणि झूम असेल तिथे ड्रोन वळवायचाच नाही, फक्त सरकवायचा किंवा थांबवायचा, असं ठरवलं.

दुसऱ्यांदा बागेत

खरा उपाय लांब लेन्सचा. डीजेआयच्या ड्रोनांपैकी 2018 च्या मॅव्हिक 2 झूममध्ये 24 ते 48 मिमी ऑप्टिकल, म्हणजे लेन्सचाच, झूम होता, 2021 च्या मॅव्हिक 3 मध्ये 162 मिमीचा दुसरा कॅमेरा आला, 2023 च्या एअर 3 मध्ये 70 मिमीचा. 70 मिमी घेतला तर 30 मीटरवरूनच संत्र्याला 4के मध्ये अठरा अस्सल पिक्सेल मिळतात. पण 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, भाड्याने मिळतो तो कुणाच्या हातून आलाय कोण जाणे, आणि बजेट संपलेलं. हातातल्या यंत्रावरच भागवायचं होतं.

म्हणून शॉटची यादी उलट्या बाजूने केली. शॉटमध्ये सगळ्यात लहान कोणती गोष्ट ओळखू यायला हवी? तिला निदान वीस अस्सल पिक्सेल. त्यावरून अंतर. वीस हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे.

फळ ओळखू यायचं तर 4के बिनझूममध्ये साडेसात मीटर. चौपट झूमची होती तीच फ्रेम, तीच अकरा मीटर रुंदी, पण संत्रं आता साडेबाराचं फुगवलेलं नाही, पंचवीसचं खरं. बोळात न शिरता, कडेच्या पांदणीवरून ही ओळ घेता आली. एवढी साधी जागा पहिल्या दिवशी आम्हाला दिसली नव्हती, कारण झूमचं बटण हाताशी होतं. पण फ्रेमची रुंदी तीच असली तरी चित्र तेच राहिलं नाही. जवळून समोरचं झाड अंगावर आलं आणि मागच्या ओळी पळाल्या. लांबून झूम केलेल्यात मागच्या ओळी एकीवर एक चढून बाग गच्च दिसत होती. तो गच्चपणा काकाजींना हवा होता. मग 30 मीटरवरून 4के दुप्पटचा एक शॉट ठेवला, त्यात एकही फळ ओळखायचं नव्हतं, फक्त हिरव्यावर नारिंगी शिंतोडे.

तोडणाऱ्या बायांचे हात ड्रोनने घ्यायचा नाद सोडला. साडेसात मीटरवर पंखा घोंघावला की पदर सावरला जातो, सगळ्या वर बघतात आणि एक तरी म्हणतेच, "माह्या फोटू आला का?" देठाजवळ कात्री लावतानाचे हात मी जमिनीवरून साध्या कॅमेऱ्याने घेतले. दहा मिनिटांत झाले.

राहिलं मोहोळ. काकाजींना ते फिल्ममध्ये हवंच होतं, माश्या आहेत म्हणून परागीभवन आहे आणि फवारणी जपून आहे, हे ग्राहकाला दाखवायला. तिथे वीस पिक्सेलचा हिशोब चालत नव्हता, माणसांच्या जिवाचा चालत होता. 50 मीटरच्या आत यायचं नाही असं ठरवलं. एवढ्या लांबून मीटरभर रुंद मोहोळाला सेन्सरवर पंचावन्न पिक्सेल. पोळ्याचा काळा पडदा आणि त्याची सळसळ दिसायला तेवढे पुरे, एकेक माशी दिसायची गरज नाही. 1080, चौपट झूम, ऊन वर आल्यावर, आयएसओ 100 वर, ड्रोन एका जागी खिळलेला. हाच झूम, ज्याने पहिल्या वेळी मान खाली घालायला लावली. हा तुकडा मी ताणला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत बसवला, बाकीच्या भागात जमिनीवरून घेतलेला मोहर.

भिंत

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी एलईडीवाल्याला सहज विचारलं, भिंत किती पिक्सेलची. चार मीटर बाय अडीच मीटर, 3.9 मिमीची पॅनेलं. अर्ध्या मीटरच्या पॅनेलमध्ये 128 पिक्सेल, आडवी आठ, उभी पाच. म्हणजे 1024 बाय 640.

मी थोडा वेळ गप्पच बसलो. जिच्यासाठी दोनदा काटोल गाठलं, ती भिंत 1080 ची सुद्धा नव्हती. पायलटच्या पहिल्या तुकड्यातले ते मधले 1000 अस्सल पिक्सेल या भिंतीला जवळजवळ बरोबर पुरले असते. वीस फुटांवरून बघणाऱ्याला लापशीही फारशी कळली नसती. डुलणं मात्र कळलं असतं, मोठ्या भिंतीवर ते लहान टीव्हीपेक्षा जास्त बोचतं. हा प्रश्न काम घेतानाच विचारायचा होता, आता आमच्या कोटेशनमध्ये तो पहिल्या ओळीत असतो.

अर्थात घरातल्या टीव्हीवर आणि बाहेरगावच्या खरेदीदारांच्या लॅपटॉपवर नवी फिल्मच चालते, दुसरी फेरी अगदीच वाया गेली नाही. काकाजींच्या फोनवर मात्र अजून पहिलीच आहे. ती त्यांनी सगळ्या पाहुण्यांना पाठवली आहे. "माह्या फोनवर तं झकास दिसते," म्हणतात. दिसतेच.